निळा ग्लास, नंबर नऊ

३ मार्च, सोमवार

वही घेतली नोव्हेंबरात. आज मार्च! रोज म्हणायचं उद्यापासून, आणि उद्या काही उजाडायचा नाही. पहिल्या पानावर एक बोट काढली, दुसऱ्यावर कुणाचा तरी फोन नंबर टिपला – कुणाचा ते आता आठवत नाही – आणि दमलेच. आज बसलेय, कारण आमच्या ऑफिसच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुझ्या डोक्यात काही राहत नाही, लिहून ठेवत जा." त्यांना म्हणायचं होतं ऑफिसच्या डायरीत. असो.

तर नोकरी लागून चार महिने झाले. हुद्दा – सहायक समन्वयक! म्हणजे पाच गावांतल्या पाच केंद्रांना एका पद्धतीनं वागायला लावायचं. मी! माझ्या दोन चपला एका जागी सापडत नाहीत. याआधी बोटीवर भांडी घासली, फिरत्या आकाशपाळण्याची तिकिटं फाडली. दहावी दोनदा दिली. दुसऱ्यांदा पेपरला जाताना वाटेत एक क्रेन चिखलात रुतली होती. ती निघेपर्यंत बघत उभी राहिले. निघाली बिचारी, पण तोवर पेपर संपला होता.

काम असं. मूल पोटात असताना आईच्या पोटात दारू गेली, तर बाळाच्या मेंदूला धक्का लागू शकतो. अशी मुलं बहुतेक चारचौघांसारखीच दिसतात. पण विसरतात, उसळतात, आज आलेलं गणित उद्या पळतं. लोक म्हणतात वांड, शाळा म्हणते ढ. आमची पाच केंद्रं अशी मुलं शोधतात, तपासतात, आणि त्यांना कसं शिकवलं तर जमतं ते बघतात. आमच्याकडे दर बुधवारी त्यांचा वर्ग भरतो. ऑफिसात मला आवडणारी ही एकच गोष्ट. आणि सिस्टरची खुर्ची – ती गोल फिरते.

६ मार्च, गुरुवार

मेले!

मुलांचे फोटो काढायचं काम माझ्याकडे. कपाळावर एक गोल टिकली चिकटवायची. तिचं माप ठरलेलं असतं, त्यावरून कॉम्प्युटर बाकीचा चेहरा मोजतो. मग नाकाखालची खाच आणि वरचा ओठ एका कार्डावरच्या पाच चित्रांशी ताडून बघायचे. या मुलांत काहींची खाच सपाट असते, ओठ पातळ असतो. एवढंच.

आज पाचही केंद्रांची स्क्रीनवर बैठक. दुसऱ्या केंद्राचे आकडेशास्त्री – मी ठेवलेलं नाव, तोंडावर म्हणत नाही – चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्याकडे काही साथबिथ आलीय का? चाळीसपैकी चाळीस मुलांचे ओठ पातळ!"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फोटोंकडे बघितलं. चाळीस पोरं दात काढून हसतायत! हसलं की ओठ ताणून पातळ होतो आणि खाच पुसली जाते. सूचनांच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलंय – 'मूल हसत नसावे'. आणि मी प्रत्येकाला कोंबडीचा आवाज काढून हसवलं होतं. रडकी मुलं कुणाला आवडतात!

"आणि या सहा जणांच्या कपाळावर चांदण्या का आहेत?"

टिकल्या संपल्या होत्या.

७ मार्च, शुक्रवार

चाळीसही फोटो परत काढायचे. आज सातच झाले. ती पोरं मला बघूनच हसायला लागतात. शेवटी सिस्टरला पुढं उभं केलं. सगळी एकदम गंभीर!

११ मार्च, मंगळवार

पुन्हा बैठक, आज ग्लासावरून. फॉर्मवर आयांसाठी प्रश्न आहे – 'एका वेळी किती ग्लास?' पण ग्लास केवढा? तिसरं केंद्र म्हणतं बोटभर. चौथ्याकडच्या बाईंनी कॅमेऱ्यासमोर जो धरला त्यात मी झाडं लावली असती. आकडेशास्त्री म्हणाले, "म्हणजे गेली दीड वर्षं आपण बादल्या आणि चमचे एकत्र मोजतोय."

सगळे एकदम बोलायला लागले. मी खिडकीतून बघत होते, समोरच्या गच्चीवर एक माणूस गादीला काठीनं बडवत होता, अगदी मनापासून. एवढ्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे काम हिला द्या. भटकायला आवडतं ना? जा. लोक ज्यातून पितात ते ग्लास गोळा करून आण."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी पगार देऊन भटकायला सांगितलं!

१५ मार्च, शनिवार

चार दिवसांत आठ ग्लास. गुत्त्यातून दोन, खानावळीतून एक, लॉन्ड्रीवाल्याच्या सासूकडून एक (तो तिच्या दातांचा होता, धुऊन घेतलाय), बाकी इकडून तिकडून. पिशवी किणकिणते. बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

आज घरी जाऊन आले. बसनं दोन तास. भिंगरी दारातच चिकटली. माझी धाकटी बहीण, नऊ वर्षांची. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर, एरवी भिंगरीच. तासाभरात तिनं एक चप्पल हरवली, माझ्या पिशवीतले ग्लास रांगेत लावले, आठ मोजले, पुन्हा मोजले तर अकरा आले, आणि रागानं स्वतःलाच चापट मारली. तिसरीत दुसरं वर्ष. आई सांगत होती, "मुख्याध्यापक म्हणाले, जूनपासून घरीच ठेवा. आम्हाला झेपत नाही." सांगताना आई पोळपाट पुसत होती. पुसलेलाच पुसत होती.

मी म्हटलं, "माझ्यावर गेलीय गं. मी नाही का निघाले त्यातून!"

"तू निघालीस होय?" आई म्हणाली. मग हसली जराशी.

निघताना फळीवर मागच्या बाजूला एक जाडसर निळा ग्लास दिसला. बैठा, बुडाशी बुडबुडा असलेला. आमच्या घरात त्यातून कुणी पाणीसुद्धा पीत नाही. टाकला पिशवीत. नऊ!

१८ मार्च, मंगळवार

दिवसभर ग्लास मोजले. नळीनं पाणी भरायचं, आकडा लिहायचा, बुडाला नंबर चिकटवायचा. निळा तो नंबर नऊ.

आईचा फोन. "तो निळा ग्लास तू नेलास?"

"हो. ऑफिसला."

"परत आण."

"अगं, कधी वापरतेस तरी का तो?"

"आण म्हटलं ना."

मग एकदम, "तुमच्या ऑफिसात ग्लासांचं काय काम?" मी सगळं सांगितलं – दारू, मेंदू, ओठ, कोंबडी. कोंबडीवर हसेल वाटलं. हसली नाही. विचारलं, "अशा मुलांचं पुढं काही होतं का?" मी म्हटलं, "होतं की! कळलं तर होतं. एका वेळी एकच काम सांगायचं, चित्रं लावून ठेवायची, ओरडायचं नाही. बुधवारी येऊन बघ, कशी बसतात शहाण्यासारखी." तेवढ्यात गल्लीत कुणाचा तरी पोपट उडाला आणि आरडाओरडा झाला. मी बघायला धावले. फोन चालूच राहिला बहुतेक.

पोपट सापडला. विजेच्या तारेवर बसून शिव्या देत होता.

२० मार्च, गुरुवार

हसणं बंद. आमच्याकडे तीस आयांचे फॉर्म झाले. तीसही जणींचं उत्तर 'नाही'. आकडेशास्त्री म्हणाले, "एवढं कोरडं गाव पृथ्वीवर नाही." एकतीस तारखेपर्यंत खरी उत्तरं आली नाहीत तर आमचं केंद्र वगळणार. केंद्र गेलं की बुधवारचा वर्गही गेला.

डॉक्टरबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "त्या खोटं बोलत नाहीत गं, घाबरतात. पोर काढून घेतील, नवरा मारेल, लोक नावं ठेवतील. आणि निम्म्यांना तर तेव्हा दिवस गेलेत हेच माहीत नसतं."

वातावरण हलकं करावं म्हणून मी भिंगरीची गंमत सांगितली – आठ ग्लासांचे अकरा. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "किती वर्षांची? तिच्या आईला भेटायला आवडेल मला."

मला हसूच फुटलं. "आमची आई? ती चहासुद्धा अर्धा कप घेते हो!"

२१ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते माझ्या आळसामुळं झालं, हे लिहून ठेवते.

ग्लास धुऊन बाहेरच्या खोलीत टेबलावर वाळत ठेवले होते. आत न्यायला विसरले. शिवणकाम करणारी एक बाई आली होती, फॉर्मवर 'नाही' लिहून मोकळी झालेली. मुलाच्या तपासणीचा कागद न्यायला थांबलेली. बसल्या बसल्या तिनं सहा नंबरचा उचलला, वजन घेतल्यासारखा हातात फिरवला आणि म्हणाली, "हा असा. पण काठोकाठ नाही. इथपर्यंत. शनिवारी फक्त."

सिस्टर हातात पेन घेऊन पुतळा झाली. मग हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही तर 'नाही' लिहिलंत."

"तुम्ही विचारलंत मद्यसेवन केले होते काय. मी कशाला मद्यसेवन करू! दिवसभर मशीन मारून कंबर राहायची नाही, म्हणून घ्यायची हे एवढंसं." आणि रडायला लागली. सिस्टरसुद्धा. मी कोंबडीचा आवाज काढावा का, असा विचार केला. नाही काढला. सुधारतेय.

२५ मार्च, मंगळवार

फॉर्म बाजूला. आता बाई आली की सिस्टर फक्त ग्लास पुढं करते. 'किती' विचारतच नाही. "यातला कुठला?" एवढंच. ज्यांनी घेतली नाही त्या सरळ सांगतात नाही म्हणून, तेही खरं वाटतं. घेतली त्या बोटानं खूण दाखवतात – इथवर. तीन दिवसांत सात जणी! चौथ्या केंद्राच्या बाईंनी फोन करून नऊ ग्लासांचा संच मागितला. आकडेशास्त्री मला 'मॅडम' म्हणाले. मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

एक नियम केलाय, मीच टाइप केला – बोलणं आतल्या खोलीत, दार बंद, कागदावर नाव नाही, फक्त नंबर. आत काय झालं ते सिस्टरशिवाय कुणाला कळणार नाही. मलाही नाही.

आईचा पुन्हा फोन. ग्लासाचं काढलं नाही. म्हणाली, "शेजारीण विचारतेय, तुमच्याकडे कुणीही आलं तर चालतं का?"

"चालतं. मुलाला घेऊन यायचं, नऊ वाजता नंबर घ्यायचा."

"रागावतात?"

"कुणी रागावत नाही. सिस्टर तर रडते."

फोन ठेवल्यावर डोकं चालवलं – शेजारीण कुठली? आमच्या शेजारी एकच बाई राहते. तिला मूल नाही. तीन मांजरं आहेत. मांजरांची तपासणी करायची म्हणते की काय! सिस्टरला सांगितलं, दोघी खूप हसलो. मग मांजराच्या ओठावर खाच असते का, यात अर्धी दुपार गेली. असते.

२९ मार्च, शनिवार

सुट्टी. कपडे धुवायला काढले आणि पाण्यात हात घालून बसूनच राहिले.

बाबा गेले त्याच महिन्यात मी घर सोडलं. सोळा वर्षांची होते. आकाशपाळण्यावाले गावातून निघाले, त्यांच्या ट्रकात चढले. चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. आईला दिवस गेलेत हे मला माहीत नव्हतं. तिलाही नसेल तेव्हा. अकरा महिन्यांनी परत आले तर खाटेवर तीन महिन्यांची भिंगरी, मुठी वळून. आई एवढंच म्हणाली, "जेवलीस?"

मधले अकरा महिने तिनं कसे काढले, मी कधी विचारलंच नाही. मी आपली आकाशपाळण्याच्या गमती सांगत सुटले.

साबण विरघळून गेला. सोमवारी ग्लास पार्सलनं पाठवून देते.

३१ मार्च, सोमवार

आई आलीय! न कळवता, पहाटेची बस पकडून. भिंगरी सिस्टरच्या खुर्चीत गोल फिरतेय, एक चप्पल पायात. मी धावत टेबलापाशी गेले, नऊ नंबर उचलला, म्हटलं, "घे बाई तुझा ग्लास, एवढ्यासाठी दोन तास आलीस!"

आईच्या मुठीत नंबराची चिठ्ठी होती. म्हणाली, "राहू दे तिथंच. आत दाखवायला लागेल."