रविवारचं ताट

अण्णा, आईला मी आता दिवसा परभणीतल्या एका केंद्रात ठेवते. म्हाताऱ्या माणसांना तिथं सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. तुम्ही गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे, पण मी शाळेत शिकवायला गेले की दार उघडून चालू लागते. एकदा तर जिंतूरच्या एसटीत बसलेली सापडली. केंद्राच्या फॉर्मवर मी सगळं लिहिलं होतं: गोळ्या कधी, कोणत्या कानानं ऐकू येत नाही, बोटं वळत नाहीत म्हणून भाकरी कुस्करून द्यावी. मास्तरणीचा फॉर्म तो, रकाना मोकळा कसा सुटेल!

आणि मोठी गोष्टच सुटली. तिसऱ्या दिवशी तिथल्या मावशींचा फोन आला, "ताई, माय जेवायल्या न्हाईत. मालक जेवले का, म्हणून इचारायल्यात." घरी मी 'जेवले' असं रेटून सांगायची, तेव्हा ती चार घास खायची. मावशींनाही तेच सांगा म्हटलं. पण मावशी पिंगळी गावच्या, सरळ बाई. त्यांना खोटं जमेना. त्यांनी आईसमोर चक्क तुमचं ताट मांडलं. आई जेवू लागली, अंग धरू लागली. मला हायसं वाटलं.

एक दिवस शाळा लवकर सुटली म्हणून मी गेले. आई रिकाम्या खुर्चीकडे कान देऊन ऐकते आहे. मग म्हणते, "मीठ घ्या की वरून." मावशींनी ताट उचललं, तर तुमच्या भाकरीचा चतकोर नव्हता. "रोजच नसतो, ताई. मला वाटलं, माय तोडून घेतेत." आईच्या बोटांनी भाकरी तुटत नाही, हे मावशींना माझ्याइतकंच ठाऊक होतं. आम्ही दोघी मान खाली घालून भांडी आवरू लागलो.

रविवारी केंद्र बंद. मी घरी तसंच ताट मांडलं, अंबाडीची भाजी केली. आई हातच लावेना. "जेवले गं ते," मी म्हणाले. आई हसली.

"खोटं कशाला बोलायलीस? नातवंड झाल्याबिगर लेकीच्या घरचं पाणी तरी पितेत का ते?"

अण्णा, तुम्ही माझ्याकडे यायचात ते स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. मी हसण्यावारी न्यायची, पण फार लागायचं. मूल झालं नाही यात माझा काय दोष होता? मेल्यावरही तुमचा नेम मोडू नये?

हे पत्र कुठं टाकणार? दर सोमवारी मावशी विचारतात, "काल काय खाल्लं मायनी?" मी सांगते, पोटभर जेवली.