कनेक्टेड रीजन आणि मृणालची बस

६ जानेवारी
संकल्प. या वर्षी फुटकळ गोष्टींत लक्ष घालायचं नाही. फक्त स्ट्रॅटेजी.

आपल्या रीजनच्या इकॉनॉमिक स्ट्रॅटेजी कमिटीवर मी को-ऑप्टेड मेंबर आहे. मत द्यायचा अधिकार नाही, पण बोलायचा आहे. कॉव्हेंट्रीतल्या किती मराठी माणसांना हे जमलंय? पण घरात कोणाला पडली आहे! अन्वीने एवढंच विचारलं, बाबा, तिथे तुला सँडविच मिळतो का? चौदा वर्षांची घोडी झाली, मराठी अजून असं मोडकंच.

एप्रिलमध्ये दहा वर्षांची स्ट्रॅटेजी बाहेर पडणार. तिच्या कव्हरवर माझा शब्द आणायचा. कनेक्टेड. बस्स.

१५ जानेवारी
मीटिंग. 'इन्क्लुझिव्ह' आधी की 'सस्टेनेबल' आधी, यावर अख्खी दुपार. मी सारखा हात वर करत होतो. हेलन, म्हणजे आमच्या चेअरपर्सन, गोड हसून म्हणाल्या की यतीनकडे मी परत येते. आल्या नाहीत. खांदा दुखतोय.

घरी आलो तर बायकोचं, मृणालचं, वेगळंच. तिची बस बंद करणार म्हणे. मृणाल बिझनेस पार्कातल्या नर्सरीत आहे. सकाळी सातला किल्ली लावून नर्सरी उघडते, मग ऑफिसवाले आपली पोरं तिच्या स्वाधीन करून कामाला जातात. नुकतीच डेप्युटी झाली. गाडी चालवत नाही. (ड्रायव्हिंग टेस्टचा विषय काढायचा नाही.) म्हणाली, बसचं तुमच्याच कमिटीपुढे येणार आहे, तू बोल.

समजावलं, अगं बाई, बस ही ऑपरेशनल बाब. मी स्ट्रॅटेजिक लेव्हलला असतो. म्हणाली, बरं, त्या लेव्हलवरून येताना दूध घेऊन ये.

३ फेब्रुवारी
गाडी एमओटीच्या तपासणीला. नाइलाजाने मृणालच्या बसने गेलो. खच्चून भरलेली. उभ्याने कमिटीचे पेपर वाचायचे कसे? उतरताना जो तो ड्रायव्हरला थँक यू म्हणतो, इथली पद्धत. मृणाल तेवढ्यावर थांबते कुठली! थँक यू, ड्रायव्हर म्हणून वर त्याच्या गुडघ्याची चौकशी. मागे माणसं खोळंबली.

तिच्याच नर्सरीतल्या यमुनाताई भेटल्या. विचारलं, बसचं काय केलंत? मी म्हटलं, आम्ही अख्खं रीजन जोडतोय. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

२० फेब्रुवारी
संताप! संताप! लंडनहून कन्सल्टंट आला, उशिरा, आणि येताच म्हणाला की 'कनेक्टेड' हा शब्द थकलाय. त्याऐवजी 'व्हायब्रंट' घ्या. व्हायब्रंट काय? नवरात्र आहे का? आणि थकलाय म्हणे. मी थकलोय! सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या मीटिंगला बोलायला वेळ मागितलाय. सोडत नाही.

मृणाल आणि मंडळी बससाठी सह्या गोळा करतायत. बसचा आयटम निघाला की बाहेरच्या माणसाला तीन मिनिटं बोलता येतं, तशी ती मार्चमध्ये बोलायला येणार. मी म्हटलं, जरूर ये, माझंही भाषण ऐकशील. तुझ्या बसवरही एक वाक्य घालतो. (जागा झाली तर.)

१८ मार्च
आज मीटिंग. माझा आयटम सगळ्यात शेवटी ढकललेला. साडेपाचला हॉल रिकामा करायचा, आणि ही माणसं पाचपर्यंत कचऱ्याच्या डब्यांवरच. माझा जीव खालीवर.

शेवटी राहवेना. सुचवलं, की सहा ते अकरा आयटम 'टेकन ॲज रेड' धरून एकदम पास करू. म्हणजे कोणी वाचायचं नाही, कोणी बोलायचं नाही, वाचलंय असं समजायचं. फार सोयीची रीत आहे. हेलनच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल पहिल्यांदाच माया दिसली. मिनिटभरात सगळं पास.

मग मी बोललो. काय बोललो! या रीजनमधला एकही माणूस मागे राहता कामा नये, म्हणालो, आणि दार उघडलं. मृणाल, यमुनाताई आणि आणखी दोघी. शिफ्ट बदलून आलेल्या, धापा टाकत. बसच वेळेवर आली नव्हती.

हेलनने अदबीने सांगितलं, बसचा आयटम नववा, तो झाला, बंद करायचं ठरलं. मृणालने विचारलं, कोणी काही बोललं नाही? हेलन म्हणाल्या, यतीनच्या सूचनेवरून चर्चा घेतली नाही.

नववा आयटम काय होता हे मला माहीत नव्हतं असं नाही. वाचायचा राहिला होता.

१९ मार्च
मृणाल बोलत नाही. चहा एकच कप झाला, तो तिने प्यायला. अन्वी म्हणाली, बाबा, तू आईची बस खाल्ला. अरे, चूक प्रोसीजरची आहे, माझी नाही! हेलनला ईमेल केला, पुन्हा चर्चा घ्या. लगेच उत्तर. प्रेमळ. सहा महिन्यांनी बघू.

बैल गेला आणि झोपा केला, असं मृणाल फोनवर आईला सांगत होती. कोणाबद्दल ते विचारलं नाही.

१६ एप्रिल
बस गेल्या आठवड्यात बंद झाली. मृणाल डेप्युटीचं पद सोडून देणार होती, सातला किल्ली घेऊन हजर राहणार कशी? मला यमुनाताईंकडून कळलं. म्हटलं, मी सोडतो तुला गाडीने, रोज. तर म्हणाली, मी एकटी नव्हते बसमध्ये.

म्हणून आता चौघी. मागे तिघी, पुढे मृणाल. जुन्याच स्टॉपवर उभ्या राहतात, रांगेत. परवा एक स्टॉप चुकलो तर मागून ओरडा.

आज पाचला स्ट्रॅटेजीचं लाँच. कव्हरवर 'व्हायब्रंट'. आत कुठेतरी 'कनेक्टेड' आहे म्हणतात, मला सापडला नाही. जाता येणार नाही. पाचला यांची शिफ्ट सुटते.

सकाळी नर्सरीच्या दारात गाडी थांबवली. तिघी उतरल्या आणि सवयीने एकेक म्हणाली, थँक यू, ड्रायव्हर. मृणाल शेवटी. महिनाभर माझ्याशी धड बोललेली नाही. दार लावता लावता तीही म्हणाली.

गुडघ्याची चौकशी मात्र केली नाही.