शुक्रवारच्या आधी

प्रिय हाझिम,

काल फोनवर तू म्हणालास, तुझ्या मुहन्नदसाठी माझ्या रफीफला मागणी घालायला शुक्रवारी वडीलधाऱ्यांना घेऊन येतो. मी नुसतं 'ये' म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, मुन्झिर आनंदानं मुका झाला. आनंद झालाच. पोरांचा एकमेकांवर जीव आहे हे सगळ्या बाकूबा गावाला ठाऊक, फक्त आपण दोघे बाप आंधळ्याचं सोंग घेऊन बसलो होतो. पण फोनवर मला जे सांगायला हवं होतं ते तोंडातून फुटेना, म्हणून लिहितो आहे.

परदेशी फौज गावात आल्याचा तो दुसरा उन्हाळा. तू तेव्हा बसऱ्याला होतास. चौकात त्यांची चिलखती गाडी कायमची ठाण मांडून बसलेली, रस्त्याकडेच्या संत्र्यांच्या बागा त्यांनी आडव्या केलेल्या. अशात आपला फुटबॉल संघ जिंकला नि सगळी गल्ली गच्चीवर चढली. लग्न असो की विजय, हवेत गोळ्या झाडल्याशिवाय आपल्या लोकांना चैन कुठे पडतं? फौजेची बंदी माहीत असून मी तीन झाडल्या. चौकातली गाडी आमच्याकडे वळली तशी माझी पाचावर धारण बसली. बंदूक मी मधल्या कठड्यावरून तुमच्या गच्चीवर टाकली आणि खाली येऊन दारात उभा राहिलो.

सैनिकांना ती सापडली. नळी अजून गरम होती. दुभाष्यानं तुझ्या थोरल्या भावाला, शाकिरला, विचारलं की ही कोणाची. बंदूक माझी हे त्याला पाहताक्षणी कळलं, दस्त्याला गुंडाळलेली निळी पट्टी त्यानंच मला आणून दिली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या माझ्या दिवस भरलेल्या बायकोकडे पाहिलं.

"माझी," तो म्हणाला.

मी एक शब्द बोललो नाही. डोक्यावर पिशवी चढवून त्याला नेलं. चौथ्या दिवशी रफीफ जन्मली.

चौदा महिने तो दक्षिणेतल्या छावणीत होता. परतला तो खोकतच, आणि वर्षभरात गेला. मला कधी एका शब्दानं बोलला नाही. शाकिरला पकडून दिलं म्हणून तुम्ही कबाबवाल्या साबरीला खबऱ्या ठरवलंत, त्याच्या हातचं खाणं सोडलंत, शेवटी बिचारा गाव सोडून गेला. तेव्हाही मी मूग गिळून बसलो. शाकिरच्या जनाज्याला खांदा दिला, तीन दिवस तुमच्या दारात शोकाला आलेल्यांना चहा वाटला. लोक म्हणाले, शेजारी असावा तर असा. हाझिम, मला माझी शरम वाटते. वीस वर्षं वाटते आहे.

शुक्रवारी तुमच्यातला वडीलधारा कॉफीचा पेला पुढ्यात तसाच ठेवील आणि म्हणेल, मागणं मान्य झाल्याशिवाय पिणार नाही. त्या पेल्यापुढे मला नाही म्हणता येणार नाही, आणि एकदा तो प्यायला की तुम्हालाही मागे फिरता येणार नाही. न सांगता तो पेला तुम्हाला पाजणं म्हणजे तुम्हाला पुन्हा फसवणं. काल रात्री रफीफला सगळं सांगितलं. पोर म्हणाली, "बाबा, त्यांना कळवा. नाहीतर त्या घरात शाकिरकाकांच्या फोटोखाली मी कशी वावरू?" शुक्रवारी दार उघडं ठेवतो. आला नाहीस तर तिला कारण सांगावं लागणार नाही.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
मुन्झिर