बाहीतला चोरखिसा

आई, तू त्या दिवशी बोलायला नको होतंस. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. परवा एका साप्ताहिकात जादूगार कसे फसवतात म्हणून पानभर चित्रं आली. बाहीत काय, टेबलाखाली काय, सगळं बाण काढून दाखवलेलं. मी इतकी भडकले की दिवसभर ऑफिसात कुणाशी धड बोलले नाही. एखादा माणूस वर्षानुवर्षं आरशासमोर उभा राहून एक ट्रिक बसवतो आणि हे लोक ती एका पानात संपवतात! कुणी विचारलं होतं यांना? मी आता सुट्टीच्या दिवशी जादूचे छोटे शो करते, कधी कुरुंदवाडच्या शाळेत, कधी गडहिंग्लजला कुणाच्या वाढदिवसाला, म्हणून मला हे फार लागतं. पण त्या संपादकानं निदान कुणाला शब्द तरी दिला नव्हता. तू दिला होतास.

राजारामपुरीतली आपली खोली, खिडकीशी तुझं मशीन. मी कॉन्व्हेंटमधून येऊन ब्लाउजांना हुक लावत बसलेय आणि पलीकडच्या गल्लीतला तो जादूगार काळा कोट घेऊन दारात उभा. "वहिनी, बाहीत आतनं एक चोरखिसा पायजे. पन ह्या कानाचं त्या कानाला कळायला नको हं." तू मान वर न करता म्हणालीस, "मी काय दवंडी पिटत फिरतीया व्हय? ठेवा कोट." मला वाटलं, माझी आई म्हणजे प्रोफेशनल! गल्लीतल्या एका बाईचं माप तू दुसरीला कधी सांगितलं नाहीस. कुणी खोदून विचारलंच, की "तिची कंबर तिला ठावं" म्हणून पायडल मारायला लागायचीस. कोट इतका सुंदर झाला होता की मी बाही उलटी करून बघितली तरी शिवण सापडेना. तो खूश होऊन दुसऱ्या कोटाचंही कापड देऊन गेला.

मग गणपतीतला मंडळाचा कार्यक्रम. मी पुढच्या सतरंजीवर, तू मागे बायकांत. तो रिकामी मूठ दाखवतो, फुंकर मारतो, आणि मुठीतून कुंकू झरायला लागतं. "अंबाबाईचा प्रसाद!" म्हणतो. टाळ्या पडतात. आणि आपल्या शेजारच्या मावशी, ज्यांचे मालक तेव्हा दवाखान्यात होते, उठून सरळ स्टेजवर जातात, पदर पसरतात, त्याच्या पायावर डोकं ठेवतात. तो काही बोलायच्या आत तुझा आवाज. "अवो, उठा की! देवी न्हाय त्यात, बाहीत चोरखिसा हाय. माझ्या हातानं शिवलाय!" मांडव हसून फुटला. कुणीतरी ओरडलं, "पावणं, दुसऱ्या बाहीत चहा हाय काय?" तो लाल हात घेऊन उभा. पुढच्या ट्रिक्स त्यानं केल्या, पण लोक जादू बघतच नव्हते, बाही बघत होते. त्यानंतर आपल्या भागात त्याला कुणी बोलावलं नाही. दुसरा कोट न्यायलाही तो आला नाही.

सकाळी तू भाकऱ्या थापत होतीस. मी म्हटलं, "आई, धिस इज चीटिंग!"

"कोन? त्यो का मी?"

"तू! त्यानं तुझ्यावर ट्रस्ट केला होता."

"हसवायला आलाय तर हसवावं की. ती बाई औषध बंद करून कुंकू लावत बसली आसती, मग?"

"त्यानं थोडीच सांगितलं होतं पाया पडायला?"

तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "जेव. शाळेला उशीर हुतोय."

हे काय उत्तर झालं? देवीचं नाव हे नुसतं बोलणं असतं गं, लोकांचं लक्ष हातावरून काढायला. सगळेच घेतात. मावशींना बाजूला नेऊन हळूच सांगता आलं असतं तुला. अख्ख्या मांडवासमोर कशाला? एका बाईसाठी तू एका माणसाची कला घालवलीस, हे मी आजही म्हणते. तो दुसरा कोट मी कमरेत आत घेऊन माझ्या शोला वापरते. त्यातला तुझा चोरखिसा अजून कुणाला दिसलेला नाही.

फक्त एक गोष्ट वर लिहायची मी टाळली. 'तो काही बोलायच्या आत' असं मी सगळ्यांना सांगत आले, तसंच इथंही लिहिलं. पण मी पुढेच बसले होते. बोलायला त्याला भरपूर वेळ होता, आई. त्यानं डोळे मिटून मावशींच्या डोक्यावर हात ठेवला होता.