कारवीच्या मधाची बाटली

चांगुणा,

तू सून होऊन आलीस त्या एकोणऐंशी साली कारवी फुलली होती. यंदा आठ वर्षांनी पुन्हा फुललीय, म्हणून मी पेठच्या डोंगरावर चाललोय. जांभळाचा मध कडसर आहे, पोरांना भाकरीला लाव. हिरड्याचा तुरट आहे, तो तुझ्या खोकल्याला. कारवीची बाटली मी नेली. तिच्यात बुडवलेलं बोट चाटलं की माझा धाकटा भाऊ पुंजाराम अजून बोलतो, "दादा, पोळ्याचा शेवटचा तुकडा माश्यांचा असतो." मीच वरून, त्याचा दोर धरून, ओरडलो होतो, "काढ तोही, नवी सून चाखेल." माश्या उठल्या. ती बाटली कड्याखाली ठेवून येतो, जेवायला थांबू नकोस. तुझा चुलतसासरा पुंजाराम पाय घसरून नाही, माझ्या हातून दोर सुटून गेला, त्या वर्षीच्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी.