सीलबंद गुडघा

दि. ४ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पेटी एकदाची घरी आली. सुटली असं म्हणत नाही, कारण ती जामिनावर आली आहे. कागदावर तू लिहिलं होतंस ‘सायकलचे जुने सुटे भाग’, आणि कस्टमच्या साहेबांनी झाकण उघडलं तर आत अप्पांच्या कृत्रिम पायासाठीचा कोरा करकरीत गुडघा. त्यांनी लगेच तो जप्त केला. चौकशी संपेपर्यंत माल आम्ही घरी सांभाळायचा, पण सील फोडायचं नाही, वापरायचा नाही, विकायचा नाही, आणि बोलावतील तेव्हा जसाच्या तसा हजर करायचा, एवढ्या अटींवर त्यांनी तो दिला. हमी म्हणून काकांनी आपलं दुकान लिहून दिलं. तेव्हापासून काकूंनी त्यांच्याशी अबोला धरला आहे, आणि काका म्हणतात की घर कसं शांत शांत वाटतंय.

साहेबांनी जाता जाता सांगितलं की अपंगांच्या साहित्यावर करच नसतो. खरं लिहिलं असतंस तर पेटी सरळ घरी आली असती. मी टोमणा मारत नाहीये. बरं, मारतेय.

दिवसभर कारखान्यात मी लोकांचे पाय बसवते आणि घरी येऊन बघते तर माझा बाप जुन्या सांध्यावर लटपटतोय. पेटी त्यांच्या डोळ्यांसमोर, कपाटावर. ते ती रोज पुसतात, सीलला बोट न लावता. आयुष्यभर दुकानदारांची वजनंमापं तपासलेला माणूस, त्यांना नियम काय सांगायचा! फक्त तुझ्या हातून असं कसं लिहिलं गेलं, एवढंच विचारतात. साहेबांनीही तेच लेखी विचारलं आहे. खरं काय ते लिहून पाठव, म्हणजे प्रकरण मिटेल.

सूनबाईंना आणि छकुलीला आशीर्वाद. माया आहेच, उत्तराला उशीर करून ती पातळ करू नकोस.

तुझी ताई


दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. इथे मालवाहतुकीच्या कंपनीत मी पेट्यांची वर्णनं लिहायच्याच टेबलावर बसतो, म्हणून वाटलं आपल्याला सगळं कळतं. नवा गुडघा म्हटला की भरमसाट कर लावतील, असं मीच ठरवलं. नियम उघडून बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही. अप्पांसाठी काहीतरी केलं या आनंदात मी त्या दिवशी शीळ घालत घरी गेलो होतो. ती शीळ आठवली की आता कानशिलं तापतात.

लेखी कबुलीचं मात्र थोडं थांबू या. कंपनीला कळलं तर मला त्याच दिवशी घरी बसवतील, आणि छकुलीची शाळा नुकती सुरू झाली आहे. तूर्त पेटी बांधणाऱ्या माणसाकडून गफलत झाली असं मोघम सांगता आलं तर बघ. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे, तरी लिहितो आहे. एवढा भाग अप्पांना वाचून दाखवू नकोस.

काकांना कोणत्या तोंडाने नमस्कार सांगू? तरी सांग. जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझा खटपट्या


दि. १२ मार्च

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी अप्पांना तेवढा भाग गाळून वाचून दाखवलं. मी पान जरा लवकर उलटलं हे त्यांना कळलं. तराजूच्या काट्याला लावलेलं बोट ओळखणारा माणूस तो.

गेल्या आठवड्यात जुन्या सांध्याने दगा दिला आणि ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडले. कपाळाला टाके पडले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि समोर कपाटावर ती पेटी. दुसऱ्या दिवशी ते झोपलेले असताना मी पाय आणि पेटी दोन्ही कारखान्यात नेली, सील फोडलं आणि नवा गुडघा बसवला.

घरी आणल्यावर ते माझ्यावर फार चिडले. काकांनी आपल्या भरवशावर दुकान अडकवलंय आणि तू हे काय केलंस, म्हणाले. मग उभे राहिले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. त्यानंतर तो काढ असं काही म्हणाले नाहीत. आता रस्त्यात जमिनीकडे न बघता लोकांकडे बघत चालतात. मला मात्र काका चहाला आले की नजर वर करवत नाही.

महिनाअखेरीस माल घेऊन हजर राहा, असा निरोप आला आहे. अजून वेळ गेलेली नाही. तू लिही.

ताई


दि. २ एप्रिल

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. आम्ही गेलो. मी हातात रिकामी पेटी धरली होती. काकांना पायऱ्यांवर सगळं सांगितलं, तर ते तिथेच मटकन बसले. अप्पा माझा हात न घेता जिना चढले.

साहेबांनी माल मागितला, तेव्हा अप्पांनी पँटचा पाय वर केला. साहेब आधी वाकले, मग चक्क जमिनीवर बसले आणि सांध्यावरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. कारकून खिडकीबाहेर बघून हसू दाबत होता. सील कोणी फोडलं, असं विचारल्यावर मी तोंड उघडणार, तोच अप्पांनी माझं मनगट दाबलं आणि सांगितलं की मीच फोडलं. मग वर्णन कोणी लिहिलं, हे विचारलं. अप्पा एका दमात म्हणाले की मुलगा नको नको म्हणत होता, पण कराच्या भीतीने मीच त्याला तसं लिहायला लावलं. आणि खाली सही केली, त्यांची ती वळणदार सही.

दंड भरून जप्ती उठली, काकांचं दुकान सुटलं, गुडघा आता अप्पांचाच झाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. घरी आल्यावर अप्पांनी फळीवरची नोकरीतली ती नमुन्याची पितळी वजनं उतरवली, ज्यांना रोज चकाकी आणायचे ती, आणि फडक्यात बांधून कपाटाच्या तळाशी ठेवून दिली. खटपट्या, त्यांना खोटं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

हे तुला कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे.

ताई


दि. १७ एप्रिल

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

ताईवर रागावू नका. तिने सांगितलं नसतं तर मी आयुष्यभर निवांत झोपलो असतो, आणि ते फार वाईट झालं असतं.

आज मी तुमच्या त्या साहेबांना पत्र टाकलं. खोटं वर्णन माझं, माझ्या अकलेने लिहिलेलं, माझ्या वडिलांनी मला असं कधीही सांगितलं नाही आणि सांगणारही नाहीत, असं स्पष्ट लिहिलं. त्याची नक्कल आमच्या मोठ्या साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली आणि मला टेबल रिकामं करायला सांगितलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा सूनबाई आधी रडली, मग म्हणाली की तुम्ही इतके दिवस कशाची वाट बघत होतात.

अप्पा, तुम्ही माझ्यासाठी चालत गेलात आणि मला इथे बसून एक ओळ लिहिता आली नाही. याची माफी कशी मागतात ते मला ठाऊक नाही.

एकच मागणं आहे. ती वजनं परत फळीवर ठेवा. ठेवलीत, की ताईला सांगा, मला कळवायला. त्याआधी तुमच्यासमोर येऊन उभं राहायचं बळ माझ्या दोन्ही पायांत नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुमचा खटपट्या