जांभळाचा मध आणि धाकटीचा पाय

गुरुजी,

तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती मुंग्यांबद्दल आहे. मधाची बरणी पाण्याच्या परातीत ठेवली की मुंगी फिरकत नाही, हे तुम्ही पवनीच्या तुमच्या स्वयंपाकघरात इतक्या अधिकारानं सांगितलं होतं, की मी ते आजवर शास्त्रवचन समजत आलो. वरठीच्या मुंग्या शास्त्र मानत नाहीत. त्या भिंतीनं वर जातात, फळीवरून थेट बरणीवर उतरतात आणि परातीतल्या पाण्याकडे बघतही नाहीत. माझ्या टेबलावर सध्या मोहाचा, करंजाचा, जांभळाचा आणि थंडी पडताच तुपासारखा थिजलेला मोहरीचा, असे मध मांडलेले आहेत. मुंग्या सगळ्यांत सारख्याच बुडून मेलेल्या सापडतात. एवढ्या बरण्या कशाला, असं तुम्ही विचाराल. ते सांगायची लाज वाटते म्हणून मुंग्यांपासून सुरुवात केली.

तुमचं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. चुलीमागे जुन्या मधाची बरणी, तुम्ही पाटावर बसलेले, आणि आम्ही पोरं हात पुढे करून रांगेत. श्लोक न अडखळता म्हणणाऱ्याच्या तळहातावर तुम्ही मधाची एक रेघ ओढता, अडखळणाऱ्याला रिकामा चमचा दाखवता आणि म्हणता, "वास घे, गाढवा. तुझ्या पाठांतराला एवढंच पुरे." मग उरलेला चमचा स्वतःच्या तोंडात. तुम्हाला साखरेचा आजार होता हे आम्हाला ठाऊक होतं. पण जुना मध प्रमेहावर चालतो असं वैद्यकाच्या ग्रंथात आहे, हेही तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं, अन्वयासकट.

पुढे नागपूरच्या इस्पितळात तुम्हाला भेटायला आलो, तेव्हा चादर एका गुडघ्याखाली सपाट होती. मी तिकडे बघत नव्हतो आणि मी बघत नाही हे तुम्ही बघत होतात. तुम्ही म्हणालात, "मधाला दोष देऊ नकोस. त्या श्लोकाच्या आगेमागे जव खा, रोज चाल, शरीर झिजव, असं बरंच लिहिलं आहे. मी गोड तेवढा चरण पाठ केला." आणि हसलात. मीही हसलो. त्या हसण्यावर मी सुटलो असं मला वाटलं.

माझी धाकटी बहीण तुम्हाला आठवत असेल. मला न्यायला यायची आणि श्लोक न म्हणताच मध मिळवायची. ती कोंढ्याला दिली. तिलाही आता शुगर आहे. गेल्या उन्हाळ्यात घरी आली तेव्हा मी तिच्यासमोर तुमचा तो चरण म्हटला, अर्थ सांगितला आणि वर तुमचा दाखला दिला, की आमचे गुरुजी जन्मभर मध खात होते. सपाट चादर सांगितली नाही. बोलण्याच्या ओघात ती आलीच नाही, असं मी स्वतःला सांगतो. वरठी स्टेशनाबाहेर सायकलवर मध विकणाऱ्याकडून जांभळाच्या मधाची बाटलीही घेऊन दिली. "जांभळाचा शुगरवाल्यायसाठीच राहते, मास्तर," तो म्हणाला, आणि ग्रंथ व बाजार यांचं एकमत झालेलं पाहून मला फार बरं वाटलं.

दिवाळीत तिच्याकडे गेलो. धान कापणीला आलेला, आणि ही ओसरीत पायाला फडकं बांधून बसलेली.

"हे काय?"

"काही नाही. धानाच्या रोवणीत चिखल्या झाल्या होत्या, त्यातली एक भरूनच नाही राहिली."

"रोवणीतली? अजून? गोळ्या घेतेस ना?"

"सोडल्या."

"काहून सोडल्या?"

"तूच तं म्हटलं दादा, गुरुजी जन्मभर मधच खात होते म्हणून. दोन्ही टाइम घेऊन राहिली मी. सासूलेही सांगतलं, आमचा दादा पोथीतलं पाहूनच बोलते."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "गोळ्या पुन्हा सुरू कर, मध जरा कमी कर," आणि चहा पिऊन निघालो. घरी येऊन रक्तातली साखर मोजायचं यंत्र विकत घेतलं. रोज सकाळी उपाशीपोटी एकेका बरणीतला एक चमचा मध, मग बोटाला सुई. एखादा तरी मध निर्दोष निघावा, म्हणजे मी खोटा ठरणार नाही, एवढ्यासाठी हा यज्ञ. बायको दारातून बघत म्हणाली, "मधाची परीक्षा घेऊन राहिले, का स्वतःले पास करून राहिले?"

कुणीच पास झालं नाही. मोहरीचा झरझर चढला. करंजाचा आणि जांभळाचा जरा दमानं चढले, पण चढले. आमच्या शाळेत शिकलेली एक मुलगी आता इथेच डॉक्टर आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, "सर, जो मध लवकर थिजतो त्यात ग्लुकोज जास्त, पातळ राहतो त्यात फळांतली साखर जास्त. म्हणून चढण्यात थोडा फरक पडतो. पण गोळीच्या जागी कोणताच चालत नाही. कोणासाठी विचारून राहिले?" मी म्हणालो, "सहज." पन्नाशी उलटलेला माणूस स्वतःच्या विद्यार्थिनीसमोर असा मान खाली घालून उभा होता.

आज रविवार. सकाळच्या पवनीच्या एसटीनं कोंढ्याला जायचं होतं. ती चुकली असं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे मी हे लिहीत बसलो आणि गाडीला जाऊ दिलं. जिवंत माणसाला सांगायचं ते गेलेल्या तुम्हाला सांगून झालं, हे पत्र तर कुठे टाकायचंही नाही. आता दुपारची गाडी आहे. धाकटीला सगळं सांगेन, तुमच्या पायासकट. ती रागावणार नाही, म्हणेल, "जाऊ दे दादा, तुले का मालूम होतं." मालूम होतं, हेही सांगावं लागेल. पण काळजी त्याचीही नाही, गुरुजी. काल फोनवर ती आनंदानं म्हणाली, की मध लागू पडला, आता पाय मुळीच दुखत नाही. तुमचाही आधी दुखायचाच थांबला होता.